अप्पांची नजर आणि माझ्या आंबा भिंती

“बाई, तुमी लातूरला येऊन जावा. अप्पा गादीवर बसंना झालेत.”

अव्वांचा हा फोन आला तेव्हा मी नांदेडला एका क्लायंटच्या जिन्यात उभी होते आणि जिना मोरपंखीच का असावा हे तिला तिसऱ्यांदा पटवून देत होते. मी विचारलं, अप्पांचा पाय मुरगळला का? अव्वा म्हणाल्या, पाय धड आहेत, डोळे गेलेत. मग जरा थांबून म्हणाल्या, “तुमी रंग देऊन गेल्यापासून.”

हे शेवटचं वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. नको ते ऐकून सोडून द्यायची कला मला त्या काळात फार चांगली येत होती. आज मी सहासष्ट वर्षांची आहे. तेव्हा सत्तेचाळीस होते. म्हणजे वय बक्कळ झालं होतं, पण त्याचा डोक्यावर काही परिणाम दिसत नव्हता.

आधी अप्पा कोण ते सांगते. मन्मथअप्पा हे लातूरचे डाळीचे दलाल. दलाल डाळ विकत नाही आणि विकत घेतही नाही. तो मिलवाला आणि व्यापारी यांच्या मधला माणूस. मिलमधून पिशवीत मूठ-दोन मूठ नमुना येतो, त्याला बाजारात वानगी म्हणतात. अप्पा ती वानगी तळहातावर घेत, अंगठ्यानं पसरवत आणि सांगत, ही नवी, ही मागच्या साली भरडलेली, हिला कुठंतरी ओल लागली, हिच्यात दोन गावचा माल एकत्र केलाय. अप्पांनी सांगितलं की मिलवाल्यालाही मान्य आणि व्यापाऱ्यालाही. चाळीस वर्षं हे असंच चाललेलं. अप्पांकडं यंत्र नव्हतं, भिंग नव्हतं. होती ती नजर.

हे काम चाले घराच्या बैठकीत. सकाळी अप्पांची लिंगपूजा झाली, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढले, की ते गादीवर येऊन बसत. गादी उत्तरेच्या मोठ्या खिडकीला लागून, अप्पांची पाठ खिडकीकडं, तोंड समोरच्या भिंतीकडं. वानग्या उघडायच्या त्या सकाळीच आणि तिथंच. दिवा लावून डाळ बघायची नाही आणि बाहेर उन्हात नेऊनही बघायची नाही. अप्पा म्हणत, उन्हात डाळ खोटं बोलते.

हे सगळं मला माहीत होतं का? होतं. मी त्या बैठकीत बसून दोन वेळा चहा पिताना हे डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि तरीही पुढं जे केलं ते केलं.

अव्वा म्हणजे अप्पांच्या पत्नी. उदगीरला त्यांच्या बहिणीचं घर मी केलं होतं. तिथला जांभळा दिवाणखाना बघून अव्वांनी मला बोलावून घेतलं. मुलगा पुण्यात, सून पुण्यात, दिवाळीला सगळे येणार, तेव्हा घर सगळं नवं दिसलं पाहिजे. मी तीन खोल्या केल्या. एक लिंबोणी, एक मोरपंखी, एक डाळिंबी. अव्वा खूश. शेवटी राहिली बैठक.

इथं माझी तेव्हाची मतं सांगणं भाग आहे. इंटिरियरच्या धंद्यात रंगांचे ढोबळ दोन गट मानतात. न्यूट्रल, म्हणजे पांढरा, राखाडी, बदामी, वाळूसारखे गप्प बसणारे रंग. आणि विविड, म्हणजे खोलीत शिरताच आधी बोलणारे रंग. लोक ह्यांना भडक म्हणतात. माझ्यासमोर भडक शब्द उच्चारायला बंदी होती. क्लायंटनं तो शब्द काढला की मी पर्स उचलून उभी राहायची. दोन जणांनी मला थांबवलं नाही, तेव्हा परत बसताना जरा पंचाईत झाली.

याचं मूळ आमच्या क्वार्टरमध्ये होतं. वडील पाटबंधारे खात्यात. नांदेडच्या सरकारी क्वार्टरमध्ये माझं बालपण गेलं. सगळ्या क्वार्टरांना आतून एकच क्रीम रंग, आणि कमरेइतका तपकिरी ऑइलपेंटचा पट्टा. मैत्रिणीच्या घरी गेलं तरी आपल्याच घरात आल्यासारखं वाटे. भिंतीवर रंगीत खडूनं मोर काढला म्हणून वडिलांनी मला ओल्या फडक्यानं तो पुसायला लावला होता, कारण भिंत आपली नाही, खात्याची आहे. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं की मोठी झाल्यावर एकही भिंत क्रीम ठेवणार नाही. ही प्रतिज्ञा मी सातव्या वर्षी केली आणि सत्तेचाळिसाव्या वर्षापर्यंत तिच्यावर पोट भरलं.

तर बैठक. तिच्या भिंती चुन्याच्या, वर्षानुवर्षं धुरकटून राखेसारख्या झालेल्या. मी अप्पांना विचारलं, इथं कुठला रंग देऊ? त्यांनी वानगीवरून मान वर न करता सांगितलं, “होता तसाच ऱ्हाऊ द्या. मळका पांढरा.”

मी म्हणाले, “अप्पा, मळका हा काही रंग नसतो.”

“माझ्या कामाला त्योच बरा हाय.”

“कामाचा आणि भिंतीचा काय संबंध?”

हा प्रश्न मी विचारला खरा, पण उत्तरासाठी थांबले नाही. उत्तर हवं म्हणून मी विचारलेलंच नव्हतं. मी लगेच शेडकार्ड उघडलं. शेडकार्ड म्हणजे पेंट कंपनीचा रंगांच्या पट्ट्यांचा गठ्ठा, पत्त्यांसारखा पसरता येतो. मी तो गादीवर पसरला आणि पिकलेल्या आंब्याच्या रसासारख्या एका पट्टीवर बोट ठेवलं. अव्वा दारातून म्हणाल्या, हाव, ह्योच. अप्पांनी दोघींकडं आळीपाळीनं पाहिलं. घरातल्या बाईनं आणि बाहेरून आलेल्या बाईनं मिळून ठरवलेल्या गोष्टीत किती बोलायचं असतं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते परत डाळीकडं वळले.

रशीदभाईंनी रंग दिला. रशीदभाई माझे लातूरचे पेंटर, वयानं माझ्याहून मोठे, हात असा की रोलरचा एक पट्टा दुसऱ्यावर चढलेला दिसायचा नाही. समोरची भिंत आणि उजवीकडची भिंत, दोन्ही आंबा. फिनिश साटीन, म्हणजे हलकी चमक असलेला. काम झाल्यावर मी खोलीच्या मधोमध उभी राहिले. सकाळचा उजेड खिडकीतून येऊन भिंतीवर पडला होता आणि सगळी खोली आतून पेटल्यासारखी दिसत होती. मी स्वतःशीच म्हणाले, बाई, तुझ्यासारखी तूच. मग फोटो काढले आणि नांदेडला निघून आले.

फोन आला तो त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी. दरम्यान काय झालं ते अव्वांनी सांगितलं. आधी अप्पा म्हणू लागले की यंदा सगळ्यांचा माल सारखाच येऊन राहिलाय. मग एकेक वानगी दोन-दोनदा उघडू लागले. मग उदगीरच्या एका मिलवाल्याची डाळ त्यांनी नवी म्हणून सांगितली आणि घेणाऱ्याकडं पोती उघडल्यावर ती जुनी निघाली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. तो मिलवाला काही वाईट माणूस नव्हता. तो बैठकीत येऊन, चहा घेऊन, अगदी मायेनं म्हणाला, “अप्पा, आता वय झालं. किती ताण द्यायचा डोळ्याला.”

अप्पा दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेले. डॉक्टरांनी दोन्ही डोळे तपासून सांगितलं की मोतीबिंदूची सुरुवातसुद्धा नाही. अप्पांना वाटलं, डॉक्टरही मायेनंच बोलतोय. ते घरी आले आणि बैठकीत गेलेच नाहीत. वानग्या घेऊन माणसं आली की अव्वा त्यांना दारातून परत पाठवू लागल्या. नवी तूर बाजारात यायला महिनाभर राहिला होता. त्या हंगामात जो दलाल गादीवर दिसत नाही, त्याची गादी लोक विसरतात. मग पुढच्या साली कोणी त्याच्या दारात वानगी घेऊन येत नाही. अव्वांना घोर लागला होता तो ह्याचा. डाळ नाही बघितली तर हा माणूस सकाळी उठून करेल काय?

मी पहाटेच्या एसटीनं निघाले. अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा उतरून चहा घेतला आणि पुढच्या प्रवासात माझा निष्कर्ष पक्का केला. अप्पा रुसलेत. रंग आवडला नाही, पण बायकोपुढं बोलता येत नाही, म्हणून डोळ्यांचं निमित्त. माझ्या पिशवीत त्यावर उपाय तयार होता. दोन पडद्यांची सॅम्पलं आणि भिंतीवर लावायला एक वारली चित्र. रशीदभाईंना मी परस्पर तिथं यायला सांगून ठेवलं होतं, चित्रासाठी भिंतीला भोक पाडायला.

अप्पा मागच्या अंगणात खुर्ची टाकून बसले होते. विभूती होती, धोतर कडक होतं, फक्त करायला काही नव्हतं. माणूस दोन महिन्यांत इतका बारीक दिसू शकतो हे मला तोवर माहीत नव्हतं. मी पडद्यांची सॅम्पलं बाहेर काढली ती तशीच परत पिशवीत ठेवली.

मी म्हणाले, अप्पा, एकदा बैठकीत चला, मला दाखवा काय होतंय. ते नको म्हणाले. अव्वा म्हणाल्या, बाई इतक्या दुरून आल्यात. तेव्हा उठले.

गादीवर बसून त्यांनी खालून दोन पुड्या काढल्या, दोन कागदांवर मूठ-मूठ ओतल्या आणि कागद माझ्याकडं सरकवले.

“तुमी रंगाच्या जाणकार. सांगा, ह्यातली नवी कोणती अन् जुनी कोणती?”

मी म्हणाले, अप्पा, मला डाळीतलं काय कळतं, वरण केल्यावर बघते मी.

“डाळीतलं सांगू नका. रंगातलं सांगा. नवी झळाळती पिवळी असती. जुनी लालसर, मेलेली. सांगा.”

हे मला जमायला हवं होतं. माझी स्वतःची एक बढाई होती, जी मी प्रत्येक नव्या क्लायंटला ऐकवायची. शेडकार्डात चाळीस तऱ्हेचे पांढरे असतात आणि पट्टीमागचं नाव न वाचता मी ते सगळे ओळखते. ही बढाई खोटी नव्हती. मी वाकून दोन्ही कागद पाहिले. परत पाहिले. दोन्ही ढीग सोन्यासारखे. एकसारखे.

मी म्हणाले, ही उजवीकडची नवी.

“दोन्ही एकाच वानगीतल्या हायत,” अप्पा म्हणाले.

रशीदभाई दारात ड्रिल मशीन घेऊन उभे होते. त्यांनी तोंड फिरवून खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली. सभ्य माणूस.

माझा अपमान झाला होता आणि अपमान झाला की माणूस आपल्या कागदपत्रांकडं धाव घेतो. मी पिशवीतून शेडकार्ड काढलं आणि पांढऱ्यांची पानं गादीवर पसरली. म्हटलं, डाळीचं राहू द्या, हे बघा अप्पा, नजर कशाला म्हणतात. आणि पहिल्या पट्टीवर बोट ठेवलं.

आयव्हरी. का मोतिया? का साधा पांढरा? शेजारची पट्टीही तशीच. तिच्या शेजारचीही. चाळीसच्या चाळीस पांढरे गाईच्या दुधावरच्या सायीसारखे, एका रंगाचे. मी डोळे चोळले. चष्मा काढला, पदरानं पुसला, घातला. सायच.

खोटं कशाला सांगू. पहिला विचार अप्पांचा नव्हता आला. पहिला विचार आला की आता माझंही दुकान बंद. मी कार्ड उचललं आणि कुणाशी काही न बोलता बाहेर ओसरीत गेले. तिथं सगळे पांढरे आपापल्या जागी होते. आयव्हरी वेगळा, मोतिया वेगळा, गुलाबी झाक असलेला वेगळा. जिवात जीव आला. आत गेले. साय. बाहेर आले. चाळीस. आत गेले. साय. अंड्यावर आलेली कोंबडी जशी करते तशा माझ्या आत-बाहेर फेऱ्या चालल्या होत्या आणि अप्पा, अव्वा, रशीदभाई तिघं ओळीनं बघत होते.

शेवटी रशीदभाईंनी ड्रिल खाली ठेवलं.

“मॅडम, दोन माणसांची आँख एका खोलीतच कशी जाईल? आँख बाहेर चांगली, आत खराब, असं नसतं.”

मी उंबऱ्यावर थांबले. मान वळवून समोरच्या भिंतीकडं पाहिलं. आंबा माझ्याकडं बघून चमकत होता.

आता ह्यातलं शास्त्र सांगते. ते कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवलं होतं आणि मी परीक्षेत लिहूनही आले होते. खिडकीतून येणारा उजेड खोलीत सगळीकडं थेट पोचत नाही. तो आधी भिंतीवर आपटतो आणि मग आपल्यापर्यंत येतो. येताना भिंतीचा रंग घेऊन येतो. लाल गाडीशेजारी पांढरा शर्ट घालून उभं राहा, शर्टाला गुलाबी छटा येते. आमच्या भाषेत ह्याला कलर कास्ट म्हणतात. चमकदार फिनिश असेल तर जास्त. वर दुसरी भानगड डोळ्याची. डोळा तासन्‌तास पिवळ्याकडं बघत राहिला की पिवळ्यातले बारीक फरक टिपायचं सोडून देतो, जसं अत्तराच्या दुकानात बसलेल्याला वास येईनासा होतो. अप्पांची पाठ खिडकीकडं. म्हणजे समोर आंबा, उजवीकडं आंबा, तळहातावर आंब्याचाच उजेड, आणि त्या उजेडात ओळखायचं काय, तर पिवळी डाळ किती पिवळी आहे.

एखाद्याचं घर चालतंय ते ज्या एका रंगावर, नेमक्या त्याच रंगानं मी त्याची खोली रंगवली होती. शेडकार्डात बाराशे रंग होते. डाळिंबी दिला असता तरी निदान त्यांना शंका आली असती.

मी अव्वांना विचारलं, घरात जुन्या चादरी किती? रंगीत नकोत, धुऊन धुऊन कळा गेलेल्या पांढऱ्या. अव्वांनी ट्रंकेतून सात काढल्या. रशीदभाई स्टुलावर चढले. दोन्ही भिंती वरून खालपर्यंत चादरींनी झाकल्या. अप्पा विचारत राहिले की हे काय चाललंय, कोणी उत्तर दिलं नाही, कारण मला उत्तराची खात्री नव्हती. वारलीच्या चित्रासाठी आणलेले खिळे चादरींना कामी आले.

मग मी अप्पांना सांगितलं, लगेच वानगी उघडायची नाही. दहा मिनिटं नुसतं चादरीकडं बघत बसा, डोळ्यातला आंबा उतरू द्या. अव्वांनी चहा टाकला. सगळ्यांनी चहा घेतला. लग्नाच्या बोलणीत बसतात तसे आम्ही बसलो होतो.

परत पाठवलेल्या माणसांकडच्या वानग्यांतल्या चार अव्वांनी दारातच ठेवून घेतल्या होत्या, कधीतरी उपयोगी पडतील म्हणून. त्या त्यांनी आणून दिल्या. अप्पांनी पहिली तळहातावर ओतली. अंगठा फिरवला. दुसरी ओतली. मग दुसरी बाजूला ठेवून पहिली परत हातात घेतली, नाकाशी नेली, दाताखाली एक दाणा फोडला.

“ही मागच्या सालची,” ते म्हणाले. “ही औशाकडची, नवी. ही दोन मिलांची, एकत्र केलीया. अन् ही...” चौथी त्यांनी जरा लांब धरली. “हिच्यावर पाणी मारलंय. चकाकी यावी म्हणून.”

अव्वांनी पिशव्यांवरच्या चिठ्ठ्या वाचल्या. पहिल्या तीन बरोबर होत्या, तिसरीवर तर दोन मिलांची नावंच होती. चौथीच्या चिठ्ठीवर पाणी मारलंय असं अर्थातच कोणी लिहिलं नव्हतं, पण अप्पांनी नंतर ती पाठवणाऱ्या मिलवाल्याला ते सुनावलं तेव्हा त्यानं कबूल केलं.

अप्पा बराच वेळ तळहाताकडं बघत राहिले. डाळीकडं नव्हे, रिकाम्या तळहाताकडं. मी म्हणाले, अप्पा, तुमच्या डोळ्यांना काही झालेलं नाही. चूक माझ्या भिंतीची आहे. म्हणजे माझी.

मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी विभूतीच्या पट्ट्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, “बाई, मी दोन महिने म्हातारा होऊन बसलो की.”

मी शेडकार्ड मिटून पिशवीत ठेवलं.

आता काम राहिलं रंगाचं. मी मनात म्हटलं, मळका पांढरा काय, अर्ध्या तासाचा खेळ. दुकानात गेले, टिंटिंग मशीनवर, म्हणजे थेंबाथेंबानं रंग मिसळणाऱ्या यंत्रावर, एक फिकट राखाडी काढून आणला. रशीदभाईंनी भिंतीवर हातभर चौकोन मारला. वाळल्यावर अप्पांनी त्याच्यापुढं तळहात धरला आणि म्हणाले, ह्यात गुलाबी हाय. मी म्हटलं, शक्य नाही. डबा फिरवून चिठ्ठी वाचली. लाल ऑक्साइडचा एक थेंब होता. दुसरा आणला. अप्पा म्हणाले, निळं. तिसरा आणला. अप्पा म्हणाले, हा आंब्याचा मावसभाऊ हाय.

तेव्हा मला कळलं की खरा न्यूट्रल ही चीज किती दुर्मीळ आहे. बाजारात मिळणाऱ्या प्रत्येक ऑफ-व्हाइटच्या पोटात कुठला तरी रंग लपलेला असतो. आयुष्यभर मी ज्यांना बेचव म्हणत आले, ते सगळे छुपे रंगीत निघाले. शेवटी मशीन बाजूला ठेवलं. पांढऱ्या डिस्टेंपरमध्ये काळ्याचे थेंब मोजून टाकायचे, रशीदभाईंनी ढवळायचं, चौकोन मारायचा, वाळू द्यायचा, अप्पांनी डाळ धरायची. दोन सकाळी ह्यातच गेल्या, कारण दुपारचा उजेड अप्पांना चालत नव्हता. सहाव्या चौकोनाला त्यांनी नुसती पुढची वानगी मागितली. त्यावरून समजलं की जमलं. माझी भाची हल्ली माझंच ऑफिस चालवते आणि मोबाईलवर बघून पाच मिनिटांत न्यूट्रल फायनल करते. मी तिला काही बोलत नाही. तिलाही कधीतरी कोणीतरी अप्पा भेटतील.

फिनिश अर्थातच मॅट, अजिबात न चमकणारा. आंब्यावर तीन हात द्यावे लागले. तो दर हाताला खालून डोकावत होता.

अव्वा मात्र गाल फुगवून बसल्या. बैठक तुम्ही घेतली, मग माझा आंबा कुठं? मी म्हणाले, अव्वा, एवढं रामायण झालं, अजून आंबा हवाच?

“मला काय डाळ बघायची न्हाई. मला माणसं बघायची हायत. त्या उजेडात सगळे कसे तरतरीत दिसत व्हते.”

आणि हे खरं होतं. जो उजेड डाळीतले दोष झाकत होता तो माणसांचेही झाकतो. मग माजघरात, जिथं सगळे जेवायला बसतात, तिथली मोठी भिंत आंबा केली. दिवाळीला पुण्याची सून आली. सासूबाईंनी तिला बघून विचारलं, पुण्याची हवा मानवली वाटतं. सून म्हणे दिवसभर आनंदात होती.

नवी तूर आली तेव्हा अप्पा गादीवर होते. उदगीरचा तो मिलवाला पहिल्याच आठवड्यात वानगी घेऊन आला. अप्पांनी ती बघितली, नवी म्हणून सांगितली आणि ह्या वेळी ती नवीच निघाली. मग त्यांनी त्याला सगळी हकीकत सांगितली. वयाबद्दल त्याला काही सुनावलं नाही, मला काही वाईट म्हणाले नाहीत, फक्त भिंत दाखवली. पण बाजार तो बाजार. आठ दिवसांत ही गोष्ट अडतीवरच्या सगळ्यांना पाठ झाली. आणखी तीन दलालांनी आपापल्या बैठकीच्या भिंती तपासल्या. एकाची हिरवी होती, एकाची अबोली. दोघांनी मला बोलावलं. तिसऱ्याची मळकी पांढरीच होती, पण ती नक्की मळकी पांढरीच आहे ना हे बघायला त्यानंही बोलावलं.

अशा रीतीनं मराठवाड्यातली सगळ्यात रंगीत इंटिरियर डिझायनर लातूरच्या बाजारात मळक्या पांढऱ्याची स्पेशालिस्ट म्हणून ओळखली जाऊ लागली. रशीदभाईंनी त्या मिश्रणाचं माप एका डब्याच्या झाकणावर खिळ्यानं कोरून ठेवलं होतं आणि ते झाकण ते कोणाला दाखवत नसत.

न्यूट्रल घ्यावा की विविड, असं लोक मला अजून विचारतात. भिंत कशी दिसेल याची त्यांना काळजी असते. भिंतीकडं चार दिवस बघतात, पाचव्या दिवशी कोणी बघत नाही. त्यानंतर वर्षानुवर्षं भिंतीच्या उजेडात दुसरं काहीतरी बघतात. कोणी भाजी निवडतं, कोणी पोराचा ताप चेहऱ्यावरून ओळखतं, कोणी कापड बेततं, कोणी डाळ. म्हणून मी आता शेडकार्ड पिशवीतच ठेवते. आधी विचारते, ह्या खोलीत तुम्ही काय बघत बसता? आणि विचारल्यावर, उत्तर येईपर्यंत तोंड बंद ठेवते. ह्यातला दुसरा भाग शिकायला जास्त वेळ लागला.